पाऊस हवा धुतो, पण कुठवर?

नमस्कार. आकाशात फार उंचावर साचणारा कणांचा थर आणि तो मोजायला सोडले जाणारे फुगे, यांवरच्या माझ्या मागच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "पाऊस पडला की हवा धुऊन निघते, गच्चीवरून पावागड लख्ख दिसतो. अशा दिवसांत धूळ मोजायला फुगे सोडणं म्हणजे पैशाची नासाडी. मोजायचंच तर डिसेंबरात मोजा." तुम्ही मनापासून लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो.

पावागडाचं निरीक्षण अगदी खरं. पाऊस उघडला की बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर मीही पहिली नजर तिकडेच टाकतो. पण तो डोंगर साधारण 800 मीटरांचा. मी लिहिलं होतं ते 13 ते 18 किलोमीटर उंचीवरच्या कणांच्या थराबद्दल. वीस पावागड एकावर एक रचले, की आपण त्याच्या मध्यावर पोचू. तिथे पाऊसच नसतो, धुणार कोण?

उलट, हा थर मोसमी पावसामुळेच तयार होतो. ज्या ढगातून पाऊस कोसळतो, त्याच ढगात हवा जोरात वर चढत असते. बरेचसे कण पावसाबरोबर खाली येतात, पण काही वायू निसटतात आणि वरच्या थंडीत त्यांचेच नवे कण बनतात. तिबेटच्या वर पावसाळाभर एक अवाढव्य प्रतिचक्रवात, म्हणजे हवेचा प्रचंड भोवरा, फिरत असतो, तो त्यांना कोंडून ठेवतो. सप्टेंबरनंतर तो मोडतो आणि थरही विरतो. डिसेंबरात फुगा सोडला, तर जे मोजायचं तेच तिथे नसेल.

"उपग्रह आहेत की" असंही तुम्ही म्हणता. हा थर 2011 साली जगापुढे आला तो कॅलिप्सो उपग्रहाच्या लेसरमुळेच. पण कण दिसले, तरी ते कशाचे आहेत हे त्यातून नीट कळत नव्हतं. म्हणून 2014 पासून इस्रो आणि नासा मिळून भारतातून फुगे सोडू लागले. त्यातलं एक उपकरण मला फार आवडतं. वजन जेमतेम अर्धा किलो. त्यातून दोन प्रकाश बाहेर पडतात, एक निळा आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. समोरच्या कणांवरून प्रत्येकाचा किती प्रकाश परत आला, ते मोजायचं. बारीक कण निळा जास्त उधळतात, बर्फाचे मोठे स्फटिक दोन्ही जवळपास सारखेच. या फरकावरून पातळ ढग कुठला आणि कणांचा थर कुठला, ते वेगळं काढता येतं. परत येणारा प्रकाश इतका क्षीण असतो, की दिवसा उन्हात काहीच हाती लागत नाही. म्हणून फुगा रात्री सोडायचा, तोही पावसाची उघडीप बघून. ही खटपट करणाऱ्यांबद्दल मला खरोखर आदर वाटतो.

आणि हाती काय लागलं? 2017 मध्ये काठमांडूहून उडालेल्या संशोधन विमानाच्या मोजणीतून तिथे अमोनियम नायट्रेटचे कण असल्याचं सिद्ध झालं. त्यातला अमोनिया मुख्यतः शेतीतून येतो, युरियातून आणि शेणामुतातून. गोठ्यात शिरताच नाकाला झोंबतो तोच वायू! पाण्यात इतका सहज विरघळणारा वायू पावसाच्या ढगातून वर निसटतो, याचं मला अजून नवल वाटतं. हे कण बर्फाच्या स्फटिकांना बीज पुरवू शकतात, म्हणजे वरच्या पातळ ढगांशीही त्यांचा संबंध येतो. याला नासाडी म्हणायला माझं मन धजत नाही.

एका बाबतीत मात्र चूक माझी. या कणांना मी लेखभर "धूळ" म्हटलं, त्यामुळे तुमच्यासमोर रस्त्यावरची धूळ आली. लेखात आता तिथे "सूक्ष्मकण" केलं आहे.