शंभर पोती, एक पावती आणि 24 तासांची थाप

परवा दुपारी दीड वाजता भाऊजींचा फोन आला. साखर कारखान्याच्या गोदामाबाहेर गाडी नंबरात लागली होती, माल नवी मुंबईत वाशीला जायचा. "वहिनी, व्यापारी म्हणतोय शंभर पोती जादा टाका, त्याचं भाडं वेगळं देतो. टाकू का? आता पावती एकदाच फाटते."

मी विचारलं, एकदाच म्हणजे? तर म्हणे, ओव्हरलोडची पावती एकदा फाडली की 24 तास अख्ख्या भारतात चालते, ग्रुपवर आलंय, सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे. मी म्हटलं, पोती आहेत तिथंच राहू द्या आणि तो आदेश आधी मला पाठवा.

पाठवला. मग कळलं, तो आमच्या घरच्या ग्रुपवर, माझ्या माहेरच्या ग्रुपवर आणि जिथं एरवी फक्त डिझेलचे भाव आणि गुड मॉर्निंग येतं तिथंही येऊन गेलाय. तारीख नाही, खटल्याचा नंबर नाही, कुणाची सही नाही. वर सिंहाचं चित्र, खाली "प्रत्येक चालक बांधवाने लॅमिनेट करून केबिनमध्ये लावावे", आणि मधे आठ मुद्दे. आमच्या दोन गाड्यांचे कागद, विमा, हप्ते, पासिंगच्या म्हणजे फिटनेस तपासणीच्या तारखा गेली अकरा वर्षं मी सांभाळते. वकील नाही मी. पण दंडाच्या पावत्या शेवटी माझ्याच फायलीला लागतात, म्हणून हे लिहायला बसले.

मुद्दा पहिला, तोच 24 तासांचा. यातलं एक अक्षर खरं नाही. मोटार वाहन अधिनियम, 1988 चं कलम 194 काढून बघा. 2019 च्या दुरुस्तीनंतर ते असं आहे: ठरलेल्या वजनापेक्षा जास्त भरलं तर 20,000 रुपये दंड, वर जादा टनामागे 2,000, शिवाय जादा माल उतरवायचा खर्च. आणि त्याला जोडून आणखी एक ओळ आहे, जी हा मेसेज लिहिणाऱ्याने वाचलेली नाही किंवा वाचून खिशात घातली आहे. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी जागची हलू द्यायची नाही, असं तिथं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे पावती हातात आली तरी गाडी तिथंच. 24 तास राहू द्या, 24 फूट पुढे न्यायचीसुद्धा सोय कायद्याने ठेवलेली नाही.

आमचाच हिशेब मांडते. गाडी दहाचाकी, आरसीवर एकूण वजन 28 टन. शंभर पोती म्हणजे पोत्याला 50 किलो धरून पाच टन. दंड 20,000 अधिक 10,000, झाले 30,000. व्यापारी जादा देणार होता साडेचार हजार. बरं, दंड भरला. आता ती शंभर पोती उतरवायची कुठं? वजनकाट्याच्या आवारात? हमाल कोण आणणार, रात्रभर राखण कोण करणार, दुसरी गाडी येईपर्यंत पावसाला थांब म्हणून कोण सांगणार? साखर आहे ती, खडी नाही. भिजलेल्या पोत्यांचे पैसे व्यापारी आमच्याच भाड्यातून कापून घेणार, आणि त्या वेळी मेसेज पाठवणारा बांधव फोन उचलणार नाही.

सातवा मुद्दा याच्याच जोडीचा आहे म्हणून इथंच घेते: "काट्यावर चला म्हटले तर स्पष्ट नकार द्या, सक्ती करता येत नाही." करता येते. कलम 114 प्रमाणे अधिकाऱ्याला ओव्हरलोडचा संशय आला तर पुढच्या वाटेवरच्या कुठल्याही ठिकाणापासून 10 किलोमीटरच्या आत, किंवा माल उतरायच्या ठिकाणापासून 20 किलोमीटरच्या आत काटा असेल, तर गाडी तिथं न्यायला तो सांगू शकतो. त्याच्या मनाला येईल तितकं लांब तो फिरवू शकत नाही, एवढंच काय ते यात खरं. पण वजनाला नकार दिला, किंवा काट्याआधी घाईघाईने माल उतरवला, तर दंड 40,000. म्हणजे 30,000 च्या भीतीने मेसेज ऐकायचा आणि 40,000 भरून यायचं. फार हुशार माणसाने लिहिलंय हे.

ही 24 तासांची भानगड आली कुठून, यावर मी एक संध्याकाळ घालवली. माझा अंदाज असा की जीएसटीचा एक नियम कुणीतरी अर्धवट ऐकलाय. ई-वे बिलाच्या नियमांत 138 सी आहे. वाटेत एकदा मालाची प्रत्यक्ष तपासणी झाली की करचुकवेगिरीची नेमकी खबर असल्याशिवाय त्याच राज्यात पुन्हा ती तपासणी करायची नाही, असं तो सांगतो. चांगला नियम आहे, भाऊजींना माहीत असायलाच हवा. पण तो मालावरच्या कराचा आहे. त्याचा गाडीच्या वजनाशी, ब्रेकशी, टायरशी काही संबंध नाही. जीएसटीचा माणूस वेगळा आणि रस्त्यावर गाड्या तपासणारं आरटीओचं वायुवेग पथक वेगळं, हे रोज रस्त्यावर असणाऱ्याला मी सांगायला नको.

आणि सुप्रीम कोर्टाचं नाव घेतलंच आहे तर ऐका. रस्ते सुरक्षेसाठी न्यायालयाने नेमलेल्या समितीने 2015 साली राज्यांना काय कळवलं होतं? मालगाडीत ओव्हरलोड सापडला तर चालकाचं लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. चालकाचं, मालकाचं नाही. दंड आमच्या खिशातून जाईल, पण लायसन्स भाऊजींचं जाईल. ज्या कोर्टाच्या नावाने शंभर पोती जादा टाकायला निघाले होते, त्याच कोर्टाच्या समितीने तीन महिने घरी बसवायची सोय करून ठेवलीय.

चौथा मुद्दा वाचून मात्र मी खरी चिडले. "पासिंग झालेल्या गाडीची रस्त्यात तांत्रिक तपासणी करण्याचा अधिकार कोणालाही नाही." आठ वर्षांच्या आतली मालगाडी दोन वर्षांनी पासिंगला जाते, त्यानंतर दरवर्षी. आमची 2020 ची, म्हणजे दोन वर्षांनी. पासिंगच्या दिवशी गाडी कशी असते हे कुणाला सांगायचं? धुतलेली, रंगवलेली, टायरसुद्धा कधी कधी शेजाऱ्याच्या गाडीचे. तो कागद त्या दिवसाचा. पुढच्या सातशे दिवसांत ब्रेक लायनर झिजणारच. म्हणून तर कलम 56 मध्ये लिहिलंय की गाडी नियमात बसत नाही असं दिसलं तर कारणं नोंदवून फिटनेस केव्हाही रद्द करता येतो. आणि कलम 190 म्हणतं, साध्या काळजीने लक्षात आला असता असा धोकादायक दोष घेऊन गाडी चालवली तर 1,500 रुपये. त्या दोषाने अपघात होऊन कुणी जखमी झालं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही.

भाऊजींचा रस्ता कोणता? खंबाटकीचा बोगदा संपल्यावरचं ते एस वळण, मग कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार, मग बोरघाट. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री नवले पुलाजवळ एका अवजड गाडीने 48 गाड्यांचं नुकसान केलं. ब्रेक फेल, असं आधी सगळे म्हणाले. मग तपासात पुढे आलं ते असं, की उतारावर इंजिनच बंद होतं. अवजड गाडीचा ब्रेक हवेवर, हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडली की टाकीत नवी हवा येत नाही आणि पाय पडेल तितकी आहे ती कमी होत जाते. तिथं प्रश्न ओव्हरलोडचा नव्हता, मान्य. पण उतार तोच आहे, आणि वर पाच टन जादा असले तर इंजिन चालू ठेवूनही लायनर तापतात, ड्रम तापून फुगतो, पेडल दाबलं तरी पकड लागत नाही. आमचे हे पंधरा वर्षं गाडीवर होते. ते म्हणतात, घाटात लायनर जळल्याचा वास आला की पोटात गोळा येतो.

म्हणून निघताना दहा मिनिटं द्यायची. हवेचा काटा वर येतो का, इंजिन बंद केल्यावर कुठं फुस्स आवाज येतो का, हवेच्या टाकीतलं पाणी सोडलं का, चाकांचे नट, मागचे दिवे, ब्रेकलाइट. टायरची खाच 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बाद. त्याला मोजपट्टी लागत नाही, खाचेत जो उंचवटा असतो त्याला नक्षी टेकली की संपलं. हे सगळं इन्स्पेक्टर बघतो म्हणून करायचं नसतं, पण त्याच्यासाठी केलं तरी चालेल, माझी तक्रार नाही.

दुसरा मुद्दा, कागद 15 दिवसांत दाखवता येतात. हा अर्धा खरा आहे, नाइलाजाने मान्य करते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 139 क्रमांकाच्या नियमाने ती मुभा दिलेली आहे. पण ती कागद घरी राहिले त्याला. कागदच नाहीत, त्याला नाही. परमिट किंवा नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर असल्याचं वाटलं तर कलम 207 खाली गाडी अडकवून ठेवतात, आणि मग नाशिवंत माल असेल तर 15 दिवसांचं गणित तुम्हीच करा.

तिसरा, मोबाईलमधला फोटो ओरिजिनल धरला जातो. फोटो नाही हो! डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधला कागद धरला जातो. 2018 मध्ये नियम बदलून इलेक्ट्रॉनिक कागद चालतील असं केलं, आणि 1 ऑक्टोबर 2020 पासून तर ऑनलाइन खात्री झालेला कागद छापील मागायचाच नाही असा नियम आहे. भाऊजींच्या गॅलरीत आरसीचा फोटो आहे, अर्ध्यावर अंगठा आलेला. त्याच्या आधी मारुतीचा आणि नंतर मिसळीचा. तो कोण ओरिजिनल धरेल?

पाचवा, पीएसआयच्या खालच्या पोलिसाला गाडी थांबवता येत नाही. कलम 130 म्हणतं, गणवेशातला कोणताही पोलीस लायसन्स मागू शकतो. पीएसआयचा दर्जा अपघातानंतर गाडी थांबवून ठेवायच्या कलमात येतो, तो तिथून उचलून इथं डकवलाय.

सहावा चावीचा. चावी काढून घ्यायचा अधिकार कुठल्या कलमात लिहिलेला नाही, हे खरं आहे. आणि वाटेत "एन्ट्री" मागणारे भेटतात हेही खरंच. ते नाही म्हणाले तर मला आमच्या फायलीतले बिनपावतीचे खर्च कुणालातरी समजावून सांगावे लागतील. हा राग खरा आहे म्हणूनच असले मेसेज पसरतात. पण ज्याला चिरीमिरी हवी असते त्याला ओव्हरलोड गाडीसारखं गिऱ्हाईक दुसरं नाही. वजन आरसीप्रमाणे असलं आणि कागद फोनवर उघडले की त्याच्याकडे बोलायला उरतं काय?

आठवा रेडियमचा. "रेडियम हा दुकानदारांचा धंदा आहे, दिवे चालू असतील तर गरज नाही." धंदा आहेच, ठरावीक दुकानातूनच घ्या म्हणणारे मीही पाहिलेत. पण पुढे पांढरी, मागे लाल, बाजूला पिवळी पट्टी ही बंद पडलेल्या गाडीसाठी असते. बॅटरी उतरून रस्त्याकडेला उभ्या राहिलेल्या गाडीचे दिवे कसे चालू असतील? उसाच्या हंगामात अंधारात उभ्या ट्रॉलीवर मागून दुचाकी गेल्याचं आमच्या भागात कुणी ऐकलं नाही असं घर दाखवा.

याच जमातीतला जानेवारी 2024 मध्ये "हिट अँड रनला सात लाख दंड" असा मेसेज आला होता. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलमात कैद दहा वर्षांपर्यंत होती, दंडही होता, पण सात लाखांचा आकडा कुठंच नव्हता. चालकांनी त्या कलमाला केलेल्या विरोधाला कारण होतं, मी नाही म्हणत नाही. पण पेट्रोलपंपापुढच्या रांगांत लोक बोलत होते ते त्या सात लाखांबद्दलच.

हे सगळं मी ग्रुपवर थोडक्यात टाकलं. माहेरच्या एका काकांनी उत्तरादाखल तोच मेसेज पुन्हा टाकला. भाऊजींचं काही उत्तर नाही. रात्री आठला काट्याची चिठ्ठी आली, 27 टन 860 किलो. पाठोपाठ एक ओळ: "वहिनी, मागचं रेडियम निघालंय, पैसे पाठवा."