चक्कर म्हणजे ‘नस मोकळी होणे’ नव्हे, राजेहो

नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या मोठ्या आईला हा मेसेज तीन ग्रुपांतून आला आणि तिने तो खरंच करून पाहिला, म्हणून लिहितोय. मेसेज असा: ‘मानेचं जुनं दुखणं? व्हीआर चष्मा लावून गेम खेळा, 15 दिवसांत गायब! अमेरिकेच्या एफडीएची मान्यता. साधे व्यायाम फेल. सुरुवातीला चक्कर आली तर घाबरू नका, नस मोकळी होत आहे.’ (व्हीआर चष्मा म्हणजे डोळ्यांवर बांधायचा हेडसेट, त्यात खेळाचं जग आपल्याभोवतीच असल्यासारखं दिसतं. एफडीए म्हणजे औषधं-उपकरणं तपासणारी तिथली सरकारी संस्था.)

आधी ती शेवटची ओळ घेतो. नातवाचा हेडसेट, पट्टा अंबाड्यावरून सारखा घसरतोय, आणि मोठी आई हॉलमध्ये उभी राहून हवेतली फळं कापतेय. दहा मिनिटांत दिवाणाचा कोपरा धरून खालीच बसली. संध्याकाळी फोनवर मलाच विचारते, “चक्कर येऊन राहिली रे, म्हणजे काम करून राहिलं ना ते?”

नाही, मोठी आई. डोळे सांगतात आपण हललो, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो जागेवरच आहोत. दोघांचं जुळत नाही, म्हणून मळमळतं, भोवळ येते. घाटात एसटीत जे होतं त्याच जातीचं हे. यात नसबिस काही मोकळी होत नाही. सत्तरीच्या बाईला चक्कर हे शुभलक्षण म्हणून सांगणं म्हणजे खुब्याचं हाड मोडायची सोय करणं. आणि मानेसोबत हात बधिर होत असतील, हातातून वस्तू निसटत असतील, चाल डगमगत असेल, तर मज्जारज्जूवर दाब असू शकतो. तिथे चष्माही नको आणि घरगुती व्यायामही नको, आधी डॉक्टर.

एफडीएची मान्यता? आहे. नोव्हेंबर 2021, ईझव्हीआरएक्स नावाचं यंत्र, आणि तेही कंबरेच्या जुनाट दुखण्यासाठी. डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारा आठ आठवड्यांचा कार्यक्रम. त्यात श्वास, शिथिलीकरण, दुखण्याकडे बघायची सवय बदलणं असं शिकवतात. फळं कापायला लावत नाहीत. कंबरेचं प्रशस्तिपत्र कुणीतरी मानेच्या गळ्यात घातलं.

‘साधे व्यायाम फेल’ हे तर उलटंच. इस्रायल-ऑस्ट्रेलियाच्या संशोधकांची 2018 ची चाचणी आहे: मानेच्या जुन्या दुखण्याचे 90 रुग्ण, तीन गट. एकाला व्हीआर, दुसऱ्याच्या डोक्यावर लेझरचा दिवा, म्हणजे त्याचा ठिपका मान हलवून नेमका फिरवायचा, तिसऱ्याला काहीच नाही. पहिले दोन गट दिवसातून चार वेळा पाच-पाच मिनिटं, आठवड्यातून चार दिवस, चार आठवडे घरी व्यायाम करत होते. दोघांचाही त्रास कमी झाला, मानेचा वेग वाढला; तिसरा गट होता तिथेच. व्हीआरवाले सरस ठरले, पण मोजलेल्या सगळ्याच गोष्टींत नाही. तीन महिन्यांनी तपासणीला 90 पैकी 56 जण उरले होते, हेही लक्षात ठेवा.

तर मान्य करतो, नाइलाजाने: व्हीआर थोतांड नाही. कंटाळा येणाऱ्याला व्यायामाला लावत असेल तर उत्तमच. पण त्या चाचणीतले ते मान हलवायला लावणारे, मोजूनमापून दिलेले खेळ होते. शिवाय बाजारातला हेडसेट अर्ध्या किलोचा, आणि ते वजन सगळं तोंडाकडे.

‘15 दिवसां’वर काय बोलणार! महिनाभराच्या चाचणीतही दुखणं गायब झालं नव्हतं, कमी झालं होतं.

मोठ्या आईला मी मेडिकल कॉलेजच्या फिजिओथेरपीत घेऊन गेलो. हनुवटी मागे ओढायची, तळहात कपाळाला लावून डोकं न हलवता रेटायचं, असं शिकवलं. ती आता कुकरच्या शिट्ट्या मोजत ते करते आणि नातवावर चिडते, कारण तो हसतो.