सोनेरी ड्रिल झिजत नाही? एका फॉरवर्डचा हिशेब

वर्कशॉपवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज अधूनमधून फिरत असतो. त्याचा सारांश असा: ड्रिलवरचं सोनेरी कोटिंग स्टीलच्या जवळपास तिप्पट कडक असतं, म्हणून झिजत नाही. कडक म्हणजे गुळगुळीत, त्यामुळे घर्षण नगण्य आणि कटिंग ऑइलची गरज नाही. कोटिंग जितकं जाड तितकं टूल जास्त टिकतं. आणि एकदा धार लावली की कोटिंग गेलं, टूल भंगारात टाका.

मेसेज पटतो, कारण त्यातला पहिला आकडा बरोबर आहे. सोनेरी थर बहुधा टायटॅनियम नायट्राइडचा असतो. त्याची हार्डनेस, म्हणजे कडकपणा, २००० ते २५०० विकर्सच्या (हे तिचं एकक) आसपास, तर चांगल्या एचएसएसची (हाय स्पीड स्टील, ज्याची ड्रिल बनतात) ८०० ते ९००. गडबड होते ती ‘म्हणून’ या शब्दापाशी.

झिजेचं सर्वांत साधं सूत्र संशोधक आर्चर्ड यांनी १९५३ साली मांडलं. झिजून गेलेलं आकारमान भाराच्या आणि घासलेल्या अंतराच्या सम प्रमाणात, हार्डनेसच्या व्यस्त प्रमाणात, आणि या सगळ्याला एका गुणांकाने गुणायचं. हार्डनेस तिप्पट केली तर सूत्रानुसार झीज फार तर एक तृतीयांश होईल, शून्य नाही. खरी मेख त्या गुणांकात आहे. कोणता धातू कशावर घासतोय, मध्ये तेल आहे का, पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात का, यावर तो हजारपट, लाखपटसुद्धा बदलतो. म्हणजे ज्या गोष्टीने तिप्पट फरक पडतो ती मेसेजमध्ये ठळक अक्षरांत, आणि जिने लाखपट पडतो तिचा उल्लेखच नाही.

कडकपणा हेच सर्वस्व असतं तर स्टील कापायला हिरा सर्वोत्तम ठरला असता. प्रत्यक्षात त्यासाठी तो सहसा कोणी वापरत नाही. कापताना धारेपाशी जी उष्णता तयार होते, तिच्यात हिऱ्यातला कार्बन लोखंडात विरघळू लागतो आणि जगातला सर्वांत कडक पदार्थ भराभर झिजतो. म्हणून हार्ड केलेल्या स्टीलला त्याहून कमी कडक असलेलं सीबीएन (क्युबिक बोरॉन नायट्राइड) लावतात. अॅल्युमिनियमचंही तसंच. टायटॅनियम अॅल्युमिनियम नायट्राइड हे टायटॅनियम नायट्राइडपेक्षा कडक, पण अॅल्युमिनियमचा जॉब (कापायचा तुकडा) लावला की धातू धारेवर चिकटून बसायला लागतो. तिथे पॉलिश केलेलं बिनकोटिंगचं कार्बाइड (एचएसएसपेक्षा कडक असा टूलचा पदार्थ) किंवा डीएलसीचं (हिऱ्यासारख्या कार्बनचा थर) टूल स्वच्छ काम करतं.

आता ‘गुळगुळीत’. कोरड्या चाचणीत स्टीलवर टायटॅनियम नायट्राइड घासलं तर घर्षणांक साधारण ०.५ ते ०.६ येतो. कोरड्या स्टीलवर स्टील घासलं तरी आकडा याच्या फार पुढे जात नाही. ०.१ ते ०.२ पर्यंत उतरतं ते डीएलसी, आणि त्याचं श्रेय हार्डनेसला नाही. घासताना समोरच्या पृष्ठभागावर ग्रॅफाइटसारख्या कार्बनचा पातळ थर बसतो आणि घसरण त्या मऊ थरात होते. हवेतली आर्द्रता बदलली तरी डीएलसीचा घर्षणांक बदलतो. त्यामुळे ‘या कोटिंगचं घर्षण इतकं’ असं वाक्य मला नेहमी अर्धवट वाटतं. कशावर, किती भाराने, कोणत्या हवेत, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

मग सोनेरी ड्रिल जास्त टिकतं हे खोटं का? नाही, टिकतं. कारण कापताना निघणारी गरम चिप (धातूची कपटी) त्या थराला कमी चिकटते आणि थर खालच्या स्टीलला चिपपासून वेगळं ठेवतो. पण म्हणून ऑइल बंद करायचं नाही. टायटॅनियम नायट्राइड ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला ऑक्सिडाइझ होऊ लागतं, आणि खोल भोकात चिप बाहेर काढायलाही ऑइल लागतंच. कोरडं मशिनिंग होतं हे खरं, पण ते प्रामुख्याने कार्बाइडवर, अॅल्युमिनियम असलेल्या कोटिंगने. त्यावर उष्णतेत अॅल्युमिनाचा थर तयार होतो आणि ते ८०० अंशांपर्यंत तग धरतं. मिलिंगमध्ये (फिरत्या कटरने कापताना) तर अधूनमधून पडणाऱ्या कूलंटने कार्बाइडला तडेच जाण्याची भीती, तिथे कोरडं बरं. हे गणित उचलून एचएसएसच्या ड्रिलला लावायचं नाही.

जाडीचा मुद्दा थोडक्यात. पीव्हीडी थर (निर्वातात धातूची वाफ करून चढवलेला) सहसा २ ते ४ मायक्रॉनचा असतो. त्यात मुळातच मोठा दाबाचा ताण असतो. थर जाड केला की तो ताण धारेपाशी सुटतो आणि कपचे उडतात. शिवाय धार बोथट होते ती वेगळीच. टर्निंगच्या (लेथवरच्या कामाच्या) कार्बाइड इन्सर्टवर, म्हणजे बदलता येणाऱ्या धारेच्या तुकड्यावर, १० ते २० मायक्रॉनचे सीव्हीडी थर (गरम वायूंच्या रासायनिक क्रियेने चढवलेले) असतात, पण ती प्रक्रिया हजार अंशांच्या आसपास चालते. एचएसएसचं टेम्परिंग (कडक केल्यावर पुन्हा तापवणं) सुमारे ५५० अंशांना होतं; तयार ड्रिल त्या भट्टीत घातलं तर कोटिंग उत्तम येईल आणि ड्रिल मऊ होऊन बाहेर पडेल.

मेसेज ज्याचं नावही घेत नाही ती गोष्ट म्हणजे कोटिंगखालचा धातू. मऊ एमएसवर (माइल्ड स्टीलवर) कडक थर चढवणं म्हणजे चिखलावर शहाबादी फरशी टाकणं. भार आला की खालचं दबतं आणि वरचं तडकतं. तुटलेले कडक कण मग दोन पृष्ठभागांमध्ये अडकून पॉलिश पेपरचं काम करतात, आणि झीज बिनकोटिंगच्या पार्टपेक्षा वाढू शकते. म्हणूनच डाय आणि पंचांसारख्या कामांत आधी प्लाझ्मा नायट्रायडिंग (पृष्ठभागात नायट्रोजन मुरवणं) करून खालचा पाया कडक करतात, मग कोटिंग.

रंगावरही जाऊ नका. कोबाल्ट एचएसएसच्या अनेक ड्रिलवरचा सोनेरी-तपकिरी रंग हा नुसता पातळ ऑक्साइड असतो, नायट्राइड नव्हे.

राहिला धार लावण्याचा मुद्दा. ड्रिलला धार लावताना घासला जातो तो टोकाचा मागचा उतार. चिप जिथून सरकत वर येते त्या फ्लूटमधला (वळणदार खाचेतला) थर तसाच राहतो. नव्याइतकं नाही, पण असं ड्रिल बिनकोटिंगच्या ड्रिलपेक्षा सहसा जास्त भोकं पाडतं. भंगारवाल्याला देण्याआधी धारवाल्याकडे पाठवा, आणि धार लावल्यावर टोकाचे दोन्ही ओठ (कापणाऱ्या धारा) सारखे आलेत का ते तपासा. ते असमान असतील तर भोक मोठं येईल, मग फ्लूटवर कोणतंही कोटिंग असो.