प्रयोग बिघडू नये म्हणून

सर, अभिनंदन. रुजू होऊन आठ दिवस होत नाहीत तोच हेडसरांनी प्रयोगशाळेचा चार्ज तुमच्या गळ्यात घातला, म्हणजे त्यांचा तुमच्यावर विश्वास दिसतो. किंवा स्टाफरूममध्ये तुम्ही सगळ्यांत नवे आहात. मी या खोलीत लॅब असिस्टंट म्हणून ३१ वर्षं काढली, येत्या शुक्रवारी निवृत्त होतोय. या ३१ वर्षांत इथे एकही प्रयोग बिघडला नाही. मोठमोठ्या संशोधन संस्थांनाही असं छातीठोकपणे सांगता यायचं नाही. तेव्हा चार गोष्टी सांगतो, त्या ऐकून घ्या आणि बी.एड.ला शिकलात ते तेवढा वेळ खुंटीला टांगा.

सुरुवात किल्लीपासून. किल्ली एकच असावी आणि ती अशा माणसाकडे असावी, जो प्रयोगाच्या तासाला पगारबिलं घेऊन तालुक्याला गेलेला असतो. आपल्याकडे ती क्लार्ककडे असते. तास ३५ मिनिटांचा. किल्ली येईपर्यंत दहा जातात, मुलं रांगेने आणून उभी करण्यात सात, हजेरीत पाच. उरलेल्या वेळात तुम्ही टेबलावर प्रयोग ‘दाखवायचा’. पहिल्या रांगेतली मुलं प्रयोग बघतात, दुसऱ्या रांगेतली पहिल्या रांगेच्या माना बघतात आणि मागची खिडकीतून मैदानावरची कबड्डी. तिघांच्याही जर्नलमध्ये निरीक्षण एकच येतं, याचं नवल तुम्हाला हळूहळू वाटेनासं होईल.

कपाटाला हात लावायच्या आधी डेडस्टॉक रजिस्टर वाचा. शाळेतलं ते सर्वांत महत्त्वाचं पुस्तक. त्यात ज्याची नोंद आहे ती वस्तू मोडणं म्हणजे काय असतं, ते मोडल्याशिवाय कळत नाही. आधी खुलासा, मग निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू नोंदीतून काढून टाकायचा, प्रस्ताव, मग समितीची बैठक, मग ठराव, आणि तोवर लेखापरीक्षणवाला येऊन विचारणार की वस्तू कुठंय. म्हणून शहाणा माणूस वस्तू वापरतच नाही. तो सूक्ष्मदर्शक पाहा. लाकडी पेटीत, आहे तसा, मी आलो तेव्हापासून. भिंगावर बुरशी धरलीय, पण ती बघायला सूक्ष्मदर्शक लागत नाही, नुसत्या डोळ्यांनी दिसते. एकदा एका उत्साही सरांनी दहावीच्या मुलांच्या हातात भिंगं दिली, दोन परत आली नाहीत. वर्षभराने कळलं की मुलांनी शेतात त्या भिंगांनी वाळलेलं गवत पेटवून पाहिलं होतं. म्हणजे नाभीय अंतर त्यांना बरोबर सापडलं असणार. सरांची मात्र पुढे बरीच पत्रापत्री झाली.

आता प्रयोगाचं नियोजन. पुस्तकात लिहिलंय: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. हा क्रम छापण्यापुरता. करताना अनुमानापासून सुरू करून वर चढत जायचं, उद्देशापाशी पोचलात की प्रयोग संपला. जर्नल दिवाळीच्या सुट्टीत पूर्ण करून घ्यावं, म्हणजे दुसऱ्या सत्रात प्रयोगांची घाई होत नाही. मुलं मागच्या वर्षीच्या मुलांकडून जर्नल आणतात, त्यांनी त्याच्या मागच्यांकडून आणलेलं असतं. कधीकाळी कोणीतरी ‘काचेच्या कांडीने ढवळले’ याऐवजी ‘काचेच्या कोंडीने ढवळले’ असं लिहिलं. पुढच्या सात बॅचेस कोंडीनेच ढवळत आल्या आणि प्रत्येक पानावर ‘तपासले’ अशी सही आहे. आनुवंशिकतेचा धडा या जर्नलांवरून छान शिकवता आला असता, पण तो पोर्शन मार्चमध्ये येतो.

आकड्यांचा प्रयोग असेल तर जास्त सांभाळावं लागतं. अकरावी-बारावीचा लंबक घ्या. दोऱ्याला गोळा बांधायचा, दोरा फोडलेल्या बुचात अडकवायचा, वीस दोलनांचा वेळ मोजायचा आणि त्यावरून गुरुत्व त्वरण काढायचं. उत्तर ९.८ येतं हे पृथ्वीला ठाऊक आहे, परीक्षकांना ठाऊक आहे, मुलांनाही ठाऊक आहे. मग स्टॉपवॉचला त्रास कशाला? ९.८ वरून उलटं गणित करा. १०० सेंटिमीटरला वीस दोलनं ४०.१ सेकंद, ८० ला ३५.९, ६० ला ३१.१. हा तक्ता कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे, मीच चिकटवलाय. फक्त एक करा, मुलांना सांगा की सगळे आकडे तंतोतंत लिहायचे नाहीत. कुठे ४०.० करा, कुठे ४०.३. आमटीत मीठ घालतो तेवढीच चूक घालायची. चूक अजिबात नसली की संशय येतो. आनुवंशिकतेचे नियम काढणाऱ्या मेंडेलच्या वाटाण्यांचं तेच झालं. १९३६ मध्ये फिशर नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने हिशेब मांडला आणि म्हणाला, हे आकडे जरा जास्तच चांगले आहेत. वाटाणे मोजणारा साधू माणूस, मरून पन्नासावर वर्षं झालेली, पण सुटला नाही.

आणि मन खात असेल तर मिलिकन आठवा. तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा प्रभार मोजणारा. १९१३ च्या लेखात त्याने ५८ थेंब दिले आणि वर लिहिलं की हे निवडून घेतलेले नाहीत, सलग ६० दिवसांत तपासलेले सगळे आहेत. पुढे त्याच्या वह्या उघडल्या तर त्यात न छापलेले कितीतरी थेंब निघाले, आणि आवडलेल्या थेंबापुढे ‘सुंदर, हा छापायचा’ अशा अर्थाचे शेरे. नोबेल १९२३ चं. आता तुम्ही म्हणाल की थेंब गाळूनही त्याचं उत्तर बऱ्यापैकी बरोबर होतं, आणि गाळायला त्याने आधी थेंब पाहिले तरी होते. असे बारीकसारीक फरक काढत बसलात तर पोर्शन पुरा व्हायचा नाही.

एक प्रसंग सांगतो, सावध राहायला उपयोगी पडेल. काही वर्षांपूर्वी अकरावीत एक मुलगी होती. तक्ता सोडून तिने खरंच वेळ मोजला. मधल्या सुट्टीत थांबून, १०० सेंटिमीटरपासून २० पर्यंत, प्रत्येक लांबीला तीन-तीनदा. १०० ला तिचं उत्तर आलं १०.१, ५० ला १०.४, आणि २० ला चक्क ११.५. म्हणजे दोरा आखूड केला की पृथ्वी जास्त जोरात ओढते! सरांनी पानावर लाल काट मारली. तिने मग लांबी आणि आवर्तकालाचा, म्हणजे एका दोलनाला लागणाऱ्या वेळेचा, वर्ग यांचा आलेख काढला. रेषा अशी सरळ की दोरी ताणून मारल्यासारखी. पण शून्यातून जाईना, लांबीच्या अक्षावर तीन सेंटिमीटरला जाऊन टेकली. सरांनी शेरा दिला: ‘रेषा शून्यातून जायला हवी.’ ती आलेख घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “काका, तीन सेंटिमीटरला आवर्तकाल शून्य येतोय. म्हणजे तीनच्या तिथे दोरा नसतोच का?”

मी म्हटलं, “बाळ, आधी खोडून घे. वेळ झालीय, मला कुलूप लावायचंय.”

तिने खोडलं. पट्टी शून्यावर ठेवून नवी रेषा मारली, उत्तर ९.८ आलं, दहापैकी नऊ मिळाले. एक खाडाखोडीचा कापला.

सहावी-सातवीला एवढा ताण नसतो. तिथे मेणबत्तीचा प्रयोग करा, कधी दगा देत नाही. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर पेला उपडा. मेणबत्ती विझते, पाणी वर चढतं, आणि तुम्ही सांगायचं की जळताना हवेतला एक पंचमांश ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली. वर्ग टाळ्या वाजवतो. फक्त पेला उपडा करताना काठाशी बुडबुडे येतात, तेव्हा मुलांचं लक्ष दुसरीकडे वळवा. ज्योतीने तापलेली हवा फुगून तिथून बाहेर पळते आणि ज्योत विझल्यावर उरलेली हवा गार होऊन आकसते, म्हणून पाणी चढतं. ऑक्सिजन तर बराचसा आत शिल्लकच असतो, मेणबत्ती त्याच्या आधीच विझते. हे सगळं मुलांना कळण्याची एकच वाट आहे, ती म्हणजे कोणीतरी एकाऐवजी दोन मेणबत्त्या लावणं. पेला तोच, हवा तेवढीच, ऑक्सिजन तेवढाच, आणि पाणी मात्र पहिल्यापेक्षा वर! मग चाळीस मुलं तुमच्याकडे बघतात. म्हणून मी वर्गाला एकच मेणबत्ती देत आलोय. काटकसर म्हणूनही बरं दिसतं.

झाडाच्या पानावर काळा कागद लावून स्टार्च तपासायचा प्रयोग मात्र नकोच. झाड आधी दिवसभर अंधारात ठेवावं लागतं, मग उन्हात. आणि आपल्या वेळापत्रकात झाडासाठी तास नाही.

बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षेची काळजी करू नका. बहिःस्थ परीक्षक येतील ते दुपारच्या गाडीने परत जाणार असतात. रसायनशास्त्रात मुलांना पुडीतला क्षार ओळखायचा असतो. निळा असला तर कॉपर, गुलाबी असला तर कोबाल्ट, एवढं त्यांना येतं. पांढऱ्याचा घोळ होतो, त्यासाठी मी बाकांमधून फिरताना खोकतो. एकदा खोकलो तर लेड, दोनदा तर बेरियम. एका फेब्रुवारीत मला खरोखरच सर्दी झाली आणि सगळ्या बॅचला बेरियम सापडलं. गंमत म्हणजे परीक्षकांच्या यादीतही त्या दिवशी बेरियमच होतं. याला मी तरी विज्ञान म्हणणार नाही, पण निकाल शंभर टक्के लागला.

त्याच महिन्यात २८ तारखेला विज्ञान दिन येतो. रामन यांच्या तसबिरीला हार, फळ्यावर रांगोळीसारखं खडूचं भिंग, दोन भाषणं आणि प्रदर्शन. प्रदर्शनात खायच्या सोड्याचा ज्वालामुखी चालतो, पवनचक्की चालते, पाऊसपाणी साठवायचं थर्माकोलचं घर चालतं. ते माळ्यावर ठेवलंय, पुसून घ्या. भाषणात रामन परिणाम १९२८ चा आणि नोबेल १९३० चं, एवढं पुरे. त्याआधीचं सांगू नका. आधी म्हणजे १९२३ मध्ये कलकत्त्यात रामन यांचे विद्यार्थी रामनाथन पाण्यातून विखुरणारा प्रकाश तपासत होते. तेव्हा त्यांना एक फिकी, जिथे असायला नको तिथली छटा दिसली. पाण्यात काहीतरी अशुद्ध असेल म्हणून पाणी पुन्हा पुन्हा शुद्ध केलं. छटा जाईना. आपल्याकडे असते तर मी एका खोडरबराने घालवली असती. रामन यांनी ती मनात ठेवली आणि पाच वर्षं तिच्या मागे लागले. वर्गात हे सांगितलंत तर मुलं उद्या आपापल्या खाडाखोडी घेऊन येतील, आणि त्या तपासायला तुम्हाला वेळ आहे का?

तसे वेडे असतात. मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ मध्ये १६ शाळांत असंच काहीतरी सुरू झालं. मुलांनी स्वतः प्रयोग करायचे, शेतात फिरायचं, शिक्षकांनी उत्तर आधी सांगायचं नाही, आणि परीक्षेला पुस्तकं उघडी ठेवून बसायचं. तीस वर्षं चाललं. २००२ मध्ये सरकारने बंद केलं तेव्हा कुठे तिथे शिस्त आली. आपल्या पुण्यातही अरविंद गुप्ता नावाचे गृहस्थ आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या आवारात मुलांना आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी देऊन त्रिकोण-चौकोन जोडायला लावायचे. चौकोन दाबला की वाकतो, त्रिकोण वाकत नाही, हे पोरं बोटांनी शिकायची. पण सर, आगकाडीची डेडस्टॉकला नोंद करता येत नाही. मुलाने ती मोडली तर खुलासा कोणाकडून मागायचा?

असो. बोलता बोलता चार्जची यादी राहूनच गेली. सूक्ष्मदर्शक एक, सुस्थितीत. बहिर्वक्र भिंगं बारा, पैकी दोन चौकशीत. लंबकाचे गोळे सहा. आणि ती कोपऱ्यात भिंतीला टेकवलेली लाकडी पट्टी. हो, तीच. एका पावसाळ्यात ओल्या भिंतीतून वाळवी चढली, तिने सुरुवातीचं टोक खाल्लं. नीट बघा, आकडे तीनपासून सुरू होतात. मला ते ठाऊक होतं. पण निर्लेखन करायचं म्हणजे प्रस्ताव, समिती, ठराव, आणि माझी तेव्हा निवृत्तीला दहाच वर्षं उरलेली.

रजिस्टरमध्ये पान ४७ वर आहे: पट्टी, लाकडी, एक मीटर, नग एक, सुस्थितीत. इथे सही करा. तारीख घाला खाली.