‘एक्सूसिया’ फोडून बघण्याबद्दल

तुमची हरकत अशी: बायबलच्या नव्या करारातल्या ‘एक्सूसिया’ या ग्रीक शब्दाला मी माझ्या लेखात ‘अधिकार’ म्हटलं ते मिळमिळीत आहे. ‘एक्स’ म्हणजे ‘मधून’, ‘ऊसिया’ म्हणजे ‘सत्त्व’, म्हणून खरा अर्थ ‘आतून उसळणारी शक्ती’. पुरावा म्हणून तुम्ही योहान १:१२ चं जुनं इंग्रजी भाषांतर दिलंत, तिथे ‘पॉवर’ आहे.

फोड ऐकायला छान आहे, पण शब्द तसा घडलेला नाही. तो ‘एक्सेस्ति’ या क्रियापदावरून आला: ‘मुभा आहे’, ‘चालतं’. ‘ऊसिया’शी त्याचं नातं आहे, पण चुलत. प्रेषितांची कृत्ये २२:२५ मध्ये पौलाला फटक्यांसाठी बांधलेलं असताना तो शताधिपतीला विचारतो, रोमी माणसाला दोषी ठरवल्याशिवाय फटके मारायची तुम्हाला मुभा आहे का? तिथे हेच क्रियापद आहे. मारणाऱ्यांच्या अंगात जोर आहे का, हा प्रश्नच नव्हता. चाबूक तयारच होता.

आता ‘पॉवर’. १६११ च्या किंग जेम्स या इंग्रजी भाषांतरात ‘एक्सूसिया’ आणि ‘डुनामिस’ (सामर्थ्य) या दोन्हींना बऱ्याचदा हाच एक शब्द वापरलाय. घोळ तिथून सुरू होतो. लूक १०:१९ बघा: सापविंचू तुडवण्याचा आणि शत्रूच्या सगळ्या ‘डुनामिस’वर ‘एक्सूसिया’ शिष्यांना दिला जातो. इंग्रजीत दोन्हीकडे ‘पॉवर’, त्यामुळे वाटतं की थोड्या ताकदीवर जास्त ताकद मात करतेय. मुळात ताकद शत्रूची, तिच्यावर हुकूम शिष्यांचा. बायबलच्या अ‍ॅपमध्ये तपासताना इंग्रजी शब्द शोधू नका, स्ट्राँगचा क्रमांक (स्ट्राँगच्या शब्दसूचीत प्रत्येक मूळ शब्दाला दिलेला आकडा) उघडा: १८४९ ‘एक्सूसिया’, १४११ ‘डुनामिस’. १८४९ ची नोंदच तुम्हाला १८३२ कडे, म्हणजे ‘एक्सेस्ति’कडे पाठवते.

आणि १ करिंथ ९ तुमचा अर्थ घालून एकदा वाचाच. खाण्यापिण्याचा, बायकोला बरोबर घेऊन फिरण्याचा, पोटासाठी वेगळं काम न करण्याचा ‘एक्सूसिया’ आम्हाला आहे, असं पौल म्हणतो, आणि बाराव्या ओवीत सांगतो की आम्ही तो वापरला नाही. इथे उसळणारी शक्ती कुठे बसवणार? हक्क असतो आणि माणूस तो सोडून देतो, एवढंच आहे. योहान १:१२ मध्येही देवाची मुलं होण्याचा ‘एक्सूसिया’ दिला असं आहे. आतून उसळणारी गोष्ट कोणी हातात कशाला देईल?

एका बाबतीत मात्र तुमचं बरोबर आहे. ‘सगळीकडे अधिकारच’ असं मी लिहिलं, ते चूक. प्रकटीकरण ९:१९ मध्ये घोड्यांचा ‘एक्सूसिया’ त्यांच्या तोंडात आणि शेपटांत आहे. तिथे ‘बळ’ म्हणावंच लागतं. लूक २३:७ मध्ये येशू हेरोदाच्या ‘एक्सूसिया’तला असल्याचं पिलाताला कळतं, तिथे ‘अंमल’ किंवा सरळ ‘हद्द’. लेखातलं ते वाक्य काढून या दोन ओव्या घातल्या आहेत.