तालमीतली दुपार आणि मॅरेथॉनआधीचे तीन आठवडे

आम्ही धावपटूंना दिलेल्या सल्ल्यावर तुमचे आक्षेप थोडक्यात असे: आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी आणि मॅरेथॉनआधी तीन आठवडे पळणं कमी करणं, हे शहरी लाड आहेत. कोल्हापूरचा पैलवान रोज हजार बैठका मारतो, ऑलिंपिक पदकविजेते मल्ल खाशाबा जाधवही असेच घडले. आणि आराम केला की दम जातो, वजन वाढतं.

पैलवानाचं नाव काढलंत ते बरं झालं, फक्त त्याचा दिवस अर्धाच सांगितलात. पहाटे आणि संध्याकाळी मेहनत, आणि मधे खुराक, मालीश, दुपारची गाढ झोप. मुंबईचा हौशी धावपटू पहाटे साडेचारला उठून 15 किमी पळतो, लोकलमध्ये उभ्याने ऑफिस गाठतो आणि रात्री साडेअकराला अंग टाकतो. मेहनत तालमीची, झोप ऑफिसची!

आणि खाशाबा. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती संपताच त्यांना सोव्हिएत मल्ल मम्मदबेयोव्हसमोर उभं केलं गेलं, असं सांगतात. दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम होता, पण तो दाखवून भांडायला आपला अधिकारी तिथे नव्हता. पदक कांस्य आलं. विश्रांतीच्या विरोधात त्यांची साक्ष काढणं जरा अवघडच.

आता दम जाण्याचं. धावणं अगदी बंद केलं तरी आठवडाभरात फारसं काही हरवत नाही. घसरण जाणवायला साधारण दोन आठवडे लागतात. आणि आम्ही बंद करा म्हटलेलंच नाही, अंतर कमी करा म्हटलंय. आठवड्याला 60 किमी पळत असाल, तर शेवटची 30-32 किमीची लांब धाव शर्यतीच्या तीन आठवडे आधी उरका. मग आठवड्याचं अंतर 45, मग 35, आणि शर्यतीच्या आठवड्यात, शर्यत सोडून, 20. वेग मात्र उतरवायचा नाही. मंगळवारी 1 किमीचे पाच तुकडे पळत असाल तर तीन पळा, त्याच वेगाने. बरेच जण इथेच चुकतात: दिवस तेवढेच, अंतरही जवळपास तेवढंच, फक्त वेग ढिला. मग पाय जड वाटतात आणि खापर विश्रांतीवर फुटतं.

वजन वाढतं, हे खरं. पण ती चरबी नव्हे. स्नायूंत साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे इंधन म्हणून साठवलेल्या साखरेबरोबर) सुमारे 3 ग्रॅम पाणी साठतं, त्यामुळे काटा किलो-दीड किलो पुढे सरकू शकतो. मुंबई मॅरेथॉनमध्ये परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ लागतो, तेव्हा हाच साठा कामी येतो. काटा पाहून घाबरून भात सोडू नका.

आठवड्याच्या सुट्टीचा मुद्दा मात्र दमापेक्षा हाडांचा आहे. दम काही आठवड्यांत वाढतो, टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि हाडं मागे राहतात. जोरदार धावेनंतर टेंडनमधलं कोलॅजन हे प्रथिन पहिला दिवस-दीड दिवस बनण्यापेक्षा तुटतं जास्त, त्यानंतर बांधणी वरचढ होते. हाडाचं गणित आणखी संथ: झिजलेला भाग खरवडून काढायला दोन-तीन आठवडे, तो पुन्हा भरायला सुमारे तीन महिने. या मधल्या काळात नडगी कमकुवत असते, आणि नेमकं तेव्हाच दम वाढल्यामुळे माणूस किलोमीटर वाढवत सुटतो. म्हणून दर चौथ्या आठवड्यात अंतर पाव हिश्शाने कमी करा. नडगीवर बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी दुखत असेल आणि त्या एका पायावर उडी मारली की कळ येत असेल, तर धाव थांबवून अस्थिरोगतज्ज्ञ गाठा. सुरुवातीचा एक्स-रे बऱ्याचदा स्वच्छ येतो, त्यावर विसंबू नका. हाडाला पडलेल्या अशा बारीक चिरेला भरून यायला सहा ते आठ आठवडे सहज जातात.

एक तक्रार तुमची रास्त आहे: 'थकवा ओळखा' म्हणालो, पण कसा ते सांगितलं नाही. सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातच, मिनिटभर नाडी मोजा. आठवडाभराची सरासरी काढा. लागोपाठ दोन दिवस नाडी त्या सरासरीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी जास्त भरली, तर त्या दिवशी वेगाची धाव नको. ताप, जागरण, आदल्या रात्रीचं मद्य यांनीही नाडी वाढते, पण सल्ला तोच राहतो.

शर्यतीच्या आदल्या रात्री झोप नीट लागत नाही, ते धरूनच चाला. शर्यत रविवारी, म्हणून शुक्रवारची रात्र सांभाळा. आणि बिब (छातीवर लावायचा धावपटूचा क्रमांक) आणायला शनिवारी दुपारी जाऊन रांगेत तीन तास पाय मोडत उभं राहू नका, गुरुवारीच आणा.