लाइटहाउसचे गुण म्हणजे संकेतस्थळाचा वेग नव्हे

'लाइटहाउसमध्ये ९० च्या वर गुण मिळाले की संकेतस्थळ वेगवान, त्याखाली मिळाले की संथ. आणि दोन संकेतस्थळांची तुलना करायला हा एक आकडा पुरेसा आहे,' असे विधान लाइटहाउसबद्दल, म्हणजे संकेतस्थळाच्या पानाची आपोआप चाचणी घेऊन १०० पैकी गुण देणाऱ्या गुगलच्या साधनाबद्दल, सर्रास पुढे पाठवले जाते. ते मला मान्य नाही.

पहिली गोष्ट म्हणजे हे गुण निव्वळ वेगाचे नाहीत. पाच मोजमापांना वेगवेगळे वजन देऊन ते काढले जातात आणि त्यांतले २५ टक्के वजन मजकूर जागेवरून किती हलतो याला असते. लांबी-रुंदी न दिलेले चित्र उशिरा येऊन मजकूर खाली ढकलते तेव्हा गुण घसरतात. पान मात्र तेवढ्याच वेळात लोड झालेले असते.

दुसरे, ही चाचणी कुठेही बोट लावत नाही, त्यामुळे मेनू दाबल्यावर पान अर्धा सेकंद गोठत असले, तरी त्याला १०० गुण मिळू शकतात.

एकाच चाचणीवरून तुलना करणे तर उघड अन्यायाचे आहे. मोबाइलच्या चाचणीत प्रोसेसर चौपट मंद केला जातो, पण तो ज्याच्या-त्याच्या संगणकाच्या मानाने. म्हणून यंत्र बदलले की गुणही बदलतात. किमान पाच चाचण्या करून मधला आकडा घ्यावा, आणि दोन-तीन गुणांच्या फरकावरून निकाल देऊ नये.

'मग खऱ्या वापरकर्त्यांची सरासरी पाहा,' हा यावरचा नेहमीचा सल्ला, पण खरी गफलत तिथेच होते. समजा, दहा भेटींपैकी सहांत मुख्य मजकूर १ सेकंदात दिसला आणि चारांत ४ सेकंदांनी. सरासरी २.२ सेकंद येते, म्हणजे गुगलने चांगली मानलेली २.५ सेकंदांची मर्यादा पाळल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात २.२ सेकंद कोणाच्याच वाट्याला आलेले नसतात आणि दहांतले चौघे ताटकळलेले असतात. म्हणूनच गुगल सरासरी न घेता ७५ वे शततमक, म्हणजे चारांपैकी तीन भेटी ज्या वेळेच्या आत बसतात ती वेळ, पाहते. इथे ती ४ सेकंद आहे.

अर्थात, गुगलची ही माहिती फक्त क्रोमच्या वापरकर्त्यांची आणि मागच्या २८ दिवसांची असते. काल केलेली दुरुस्ती तिच्यात आज दिसली नाही, म्हणून ती फसली असे ठरवणे घाईचे होईल. तेवढ्या काळापुरता, त्याच यंत्रावर दुरुस्तीच्या आधी व नंतर घेतलेल्या लाइटहाउसच्या चाचण्यांचा आधार जरूर घ्यावा.